बी उकरू नये



पाऊस सरून भातकापणी झाली की डिचोली-पेडण्याकडे भाजीचे वाफे दिसू लागतात. यंदा आम्हीही चॅपेलमागच्या परसात तांबडी भाजी आणि मुळा पेरला. अनुभव काहीच नव्हता. पण अंथरुणाला खिळलेल्या आपल्या एका आजींना नाताळला आमच्या हातची भाजी देऊ, असा शब्द दिला होता.

चार दिवसांत काही दिसेना, म्हणून आम्ही माती उकरून पाहिली. भडाभडा पाणी ओतले. तांबड्या भाजीचे बी खसखशीएवढे. काही खोल गेले, काही मुंग्यांनी नेले.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "बियाण्यात कोरडी वाळू मिसळा, वरवर फेका, मातीचा पातळ थर द्या, झारीने पाणी शिंपडा. मग हात लावू नका."

हात न लावणेच जड गेले. आजींच्या घरीही आम्ही तेच करत होतो. प्रार्थना संपताच विचारायचो, "आजी, आता बरं वाटतं का?" मार्ककृत शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायातल्या दाखल्यात माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो. ते कसे वाढते हे त्याला कळत नाही, आणि तो उकरूनही बघत नाही.

दुसऱ्या पेरणीची तांबडी भाजी महिन्याभरात काढणीला आली. मुळा नाताळपर्यंत तयार झाला नाही. आजींना दोनच जुड्या देता आल्या. त्या अजून अंथरुणातच आहेत. आता आम्ही विचारत नाही. त्यांच्याजवळ बसतो, प्रार्थना करतो आणि परतताना वाफ्याला पाणी घालतो.

प्रभू आपणां सर्वांना धीर देवो. आमेन.