उघडे पितळ

मराठी भाषेने पितळेला कधीच नीट न्याय दिला नाही. एखाद्याचे ढोंग उघडकीस आले की 'त्याचे पितळ उघडे पडले' असे आपण सहज बोलून जातो. जणू उघडे पडणे हा त्या बिचाऱ्या धातूचा अपराध, आणि ज्याने त्याच्यावर सोन्याचा मुलामा चढवून त्याला बाजारात बसविले तो मात्र बेकसूर! लहानपणी हा वाक्प्रचार मी प्रथम ऐकला तेव्हा त्यातला ठपका मला उमगला नाही, कारण मुठ्याच्या आमच्या घरात पितळ बारा महिने उघडेच असे, देवघराच्या पहिल्या पायरीवर तांदळांत बसलेले असे, आणि वडीलधारी माणसे रोज सकाळी स्नान करून त्याच्यापुढे हात जोडीत.

ते पितळ म्हणजे आजीची अन्नपूर्णा. पिरंगुट मागे टाकून उरवड्यावरून घाट ओलांडला की मुठे खोरे लागते. चार महिने पावसाने झोडपलेले आणि उरलेले आठ महिने त्या पावसाच्याच आठवणीवर जगणारे. नदीचे नाव मुठा आणि गावाचेही मुठा. आमच्याकडे कुलकर्णीपणाचे वतन असल्यामुळे एका खोलीत दप्तराचे रुमाल आणि तिला लागूनच देवघर, अशी घराची रचना होती, आणि म्हणून जमाबंदीची शाई व उदबत्तीचा धूर यांचा जो एक मिश्र गंध तिथे दरवळत असे तोच माझ्या मनात भक्तीचा गंध होऊन बसला आहे. देवघरात खंडोबाचे आणि भवानीचे चांदीचे टाक, शाळिग्राम, रांगता बाळकृष्ण, शंख, घंटा आणि ही अन्नपूर्णा: करंगळीच्या दोन पेरांएवढी, मांडी घालून बसलेली, हातात आडवी पळी धरलेली. इतर देव ताम्हनातून उठून वस्त्रावर बसत. हिची बैठक मात्र वाटीभर आंबेमोहोर तांदळाची. ते तांदूळ दर शुक्रवारी बदलायचे आणि जुने त्या दिवशीच्या भातात मिसळायचे, असा आजीचा शिरस्ता होता, त्यामुळे आठवड्यातून एकदा आम्ही सारी मंडळी देवीचे आसनच जेवत असू.

आजी १९२० साली लग्न होऊन मुठ्यास आली, तेव्हा ही मूर्ती तिच्याबरोबर आली. गौरीहरापुढे बसलेल्या मुलीने जिच्यावर अक्षता वाहायच्या ती अन्नपूर्णा माहेरच्यांनी द्यायची आणि सासरच्या देवघरात तिला जागा मिळायची, हा आपल्याकडचा रिवाज. आजीचे वडील हिशेबी गृहस्थ. त्यांनी दिल्याघेतल्याची एक मोडी याद मुलीबरोबर पाठविली होती. वडिलांनी ती मला वाचून दाखविली तेव्हा परात आणि तांब्या यांच्या मधोमध एक ओळ निघाली: 'अन्नपूर्णा पितळी, नग १, वजन तोळे ११'. देवीचे नाव भांड्याकुंड्यांत, तेही वजनासकट, म्हणून मला हसू आले. वडील म्हणाले, "अरे, गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा करीपर्यंत ते पितळच. आणि पितळेचे वजन लिहायला नको?"

पितळेला स्वतःची खाण नाही. तांब्याचे खनिज जमिनीतून निघते, जस्ताचेही निघते. पितळ मात्र या दोहोंचे लग्न लावल्याखेरीज अस्तित्वात येत नाही, आणि हे लग्न जुळविणेही सोपे नाही, कारण तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते, तर जस्त ९०७ अंशांनाच वाफ होऊन पळ काढते. ती पळणारी वाफ धरून तिचे पुन्हा जस्त करण्याची विद्या आपल्या लोकांनी साधली. राजस्थानातील जावर येथे त्या जुन्या भट्ट्यांचे अवशेष आहेत, आणि 'रसरत्नसमुच्चया'त पितळेचे रीतिका व काकतुंडी असे दोन प्रकार नमूद आहेत. नववधूच्या ओटीत पितळेचीच देवी का घालावी याचे कारण मला कोणी सांगितले नाही. स्वस्ताई हेच खरे कारण असेल. तरी आपली माती सोडून जिला परक्या घरात मिसळून जायचे आहे तिच्या सोबतीला मिसळूनच जन्माला आलेला धातू द्यावा, यातले औचित्य मला आजही मोहविते. मेणाची मूर्ती घडवून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, आतले मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, ही रीत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त वर्णिली आहे. तीत आधी मेणाचे वजन करावे आणि त्या मानाने धातू घ्यावा असे सांगितले आहे. म्हणजे आमच्या यादीतली ती ओळ शास्त्राला सोडून नव्हती. देवी जन्माआधीपासूनच तराजूत बसलेली होती.

भागवताच्या ज्या एकादश स्कंधावर एकनाथमहाराजांनी १५७३ साली काशीत आपली टीका पुरी केली, त्यात प्रतिमांचे आठ प्रकार येतात: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्राची, वाळूची, रत्नाची आणि मनाची. त्यांचे पुन्हा दोन भेद केले आहेत, चल आणि अचल. लेपाच्या नि चित्राच्या देवाला स्नान घालता येत नाही. धातूच्या देवाला घालता येते, आणि वेळ आली तर त्याला उचलून पदराआडही घेता येते. या दुसऱ्या गुणाचे मोल आमच्या भागाला फार लवकर कळले. पलीकडच्या मुळेच्या खोऱ्यात टाटांच्या धरणाखाली गावे जाणार म्हणून १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला, ज्याच्याशी सेनापती बापटांचे नाव कायमचे जोडले गेले. तो लढा हरल्यावर ज्यांची घरे पाण्याखाली गेली त्यांच्यातली काही माणसे देवांची टोपली डोक्यावर घेऊन डोंगर ओलांडून आल्याचे आजी सांगत असे. दगडाचे देव गावाबरोबर बुडाले. पितळेचे देव माणसांबरोबर चालत आले.

मुठ्याच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येई, मिठाला पाणी सुटे, आणि काल उजळलेला देव आज तांबूस, परवा तपकिरी होई. नवरात्रात घट बसले की नऊ दिवस देव हलवायचे नाहीत. विड्याच्या पानांवर बसलेली ती मंडळी दिवसेंदिवस निस्तेज होत जात, आणि दसऱ्याच्या सकाळी आजी त्यांना उजळायला बसे. चिंचेचा कोळ, चुलीतली चाळलेली राख, नारळाची शेंडी, आणि या साऱ्यांच्या शेवटी तिचा स्वतःचा अंगठा, जो अन्नपूर्णेच्या मुखावरून असा फिरे की जेवून उठलेल्या मुलाचे तोंडच ती पुसते आहे. त्यानंतर आजोबा सोवळे नेसून येत, खणखणीत आवाजात पुरुषसूक्त म्हणत, आणि पूजा आजोबांनी केली असे घरात मानले जाई. पूजेचे पुण्य एका दप्तरात जमा होते आणि तिची झीज दुसऱ्या दप्तरात खर्ची पडते, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

मी एकदा विचारले होते, "आजी, इतके घासून तिचे नाक झिजेल ना गं?"

"झिजू दे," ती म्हणाली, "न घासता ठेवली तर नाक राहील, पण तोंड काळे पडेल. तोंड काळे झालेल्या नाकाला काय करायचेय?"

सोन्याला कोणाच्या हाताची वाट पाहावी लागत नाही. दगड शेंदराखाली वर्षानुवर्षे निवांत असतो. पितळ मात्र दोन दिवस विसरलात तर लगेच तसे तोंडावर सांगते.

१९५१ साली कायद्याने कुलकर्णी वतने गेली, दप्तरे सरकारजमा झाली, आणि आम्ही पुण्यास नारायण पेठेत नदीपासून जवळच दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटले. नदी तीच होती; फक्त आता आम्ही तिच्या उगमाकडचे राहिलो नव्हतो. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खाली मुठेवरचे खडकवासलेही टिकले नाही, आणि आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी पर्वतीच्या बाजूला एका आप्ताकडे पळालो. परत आलो तेव्हा खोल्यांत गुडघाभर चिखल होता. लाकडी देवघर वाहून गेले होते, यादीची ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली होती. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातला गाळ उपसताना माझ्या फावड्याला काही कठीण लागले: अन्नपूर्णा, नखशिखान्त काळीठिक्कर, आणि वाटी नाही. मला भरून आले, आजीने तिला पदराने पुसले आणि म्हणाली, "आपल्याच खोऱ्यातली माती आहे." शहर पाण्याने बुडाले होते आणि नळाला पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून तिने कोरड्या राखेनेच मूर्ती घासली. मग मदतकेंद्रावरून मिळालेल्या जाडसर तांदळातले मूठभर तांदूळ एका बशीत पसरून तिला त्यांवर बसविले, आणि त्याच तांदळांतला उरलेला वाटा आमच्यासाठी शिजत घातला.

आजीमागून ते काम आईकडे आले, आईमागून माझ्या पत्नीकडे. तीही गेल्यावर काही महिने देव काळेच राहिले. एका सकाळी दिव्याच्या उजेडात माझ्या ध्यानात आले की अन्नपूर्णेला नाक उरलेले नाही, डोळ्यांच्या जागी दोन पुसट खळगे आहेत, आणि पळीचा दांडा सुईसारखा बारीक झाला आहे. सूनबाई संकोचाने म्हणाल्या, "बाबा, नवी आणू या का?" म्हणून मी तुळशीबागेत गेलो. १७६१ साली ज्याची उभारणी सुरू झाली त्या राममंदिराच्या आसमंतातल्या दुकानांत पितळेचे देव शेकड्यांनी मांडलेले असतात. सारे चकचकीत, साऱ्यांना नाके, आणि साऱ्यांचे मोल वजनावर.

नमुन्यासाठी नेलेली जुनी मूर्ती दुकानदाराने न विचारताच काट्यावर ठेवली. काट्याने ११९ ग्रॅम दाखविले.

"मोड घालायची असेल तर भाव कमी बसेल, काका," तो म्हणाला, "पण देव सहसा कोणी मोडीत देत नाही. नदीत सोडतात."

नदीत सोडण्याचा प्रयोग १९६१ साली झाला होता आणि नदीने ती परत केली होती, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. मी मूर्ती खिशात घातली आणि घरी आलो. पण कुलकर्ण्याचे रक्त, तो आकडा काही मला सोडीना. ११ तोळे म्हणजे १२८ ग्रॅम, काट्यावर ११९, तूट सुमारे पाऊण तोळ्याची. शंभर वर्षांत हा पाऊण तोळा गेला कुठे? मुठ्याला मूर्ती घासलेले पाणी परसातल्या अळवाच्या वाफ्यात जाई, आणि त्या अळवाचे फदफदे आम्ही जेवत असू. स्नानाचे पाणी तीर्थ म्हणून तळहातावर येई. शुक्रवारी आसनाचे तांदूळ भातात जात, आणि तांदळांत सतत घासली जाणारी मूर्ती त्यांना आपला काही अंश दिल्यावाचून कशी राहिली असेल? काही भाग तीन बायकांच्या अंगठ्यांच्या रेषांत काळा होऊन बसला असेल. हातात पळी घेऊन बसलेली देवी दुसऱ्याने शिजविलेले अन्न वाढते अशी माझी आजवरची समजूत होती.

मी ट्रंकेतून ती मोडी याद काढली. 'वजन तोळे ११' या ओळीपुढे जागा होती. आमच्या घराण्यात दप्तरी लिहिताना एक दंडक पाळीत: ज्याचा ठाव लागत नाही ती तूट, आणि जे कोणाच्या तरी पोटी पडले ते खर्च, या दोन शब्दांची गफलत झाली तर आजोबा अख्खे पान फाडायला लावीत. मी पुष्कळ वेळ लेखणी धरून बसलो. मग त्या ओळीपुढे बाळबोधीत लिहिले: 'पाऊण तोळा खर्च'.

आणि आत जाऊन चिंच भिजत घातली.