हिरव्या पाटीवाली

ती गुंजीत आली ती कोल्हापूरची ‘एमएच 09’ पाटी लावून. पाटी हिरवी, अक्षरं पांढरी. गाडी कुठल्या राज्याची, हे आमच्या सीमाभागात आधी वाचलं जातं. हिच्या बाबतीत मात्र सगळ्यांची नजर रंगावरच अडली. ‘‘ही सरकारी काय ओ मास्तर?’’ असं एकानं विचारलंही. निवृत्त मास्तरांनी माऊलीच्या देवळापुढं नारळ फोडला आणि नेक्सॉन ईव्ही, नोंदणी 2021, मालक दुसरा, एवढी तिची ओळख गावाला झाली.

स्वभावानं ती अबोल. मागून येऊन थांबली की माणसं दचकतात. शेजारचे तात्या अजून काचेत वाकून विचारतात, ‘‘चालू हाय का बंद?’’ इंजिन ऑइल, क्लच, टायमिंग बेल्ट यांतलं तिला काही लागत नाही. मास्तरांनी पाय उचलला की तिची मोटरच वेग आवरते आणि थोडा करंट बॅटरीत परत भरते, त्यामुळं ब्रेकपॅड वर्षानुवर्षं पुरतात. राग काढते ती टायरांवर. अंगानं चौदाशे किलोच्या घरातली, त्यात सुटताना एकदम ओढ घेणारी. म्हणून टायर पेट्रोल गाडीपेक्षा लवकर घासतात.

खाणं माफक. शंभर किलोमीटरला भिंतीतून पंधराएक युनिट ओढते. महिन्याला हजार किलोमीटर फिरली तर दीडशे युनिट. इथंच मास्तरांच्या घरात पहिला वाद झाला. आमच्या कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजना आहे. घराचा जुना सरासरी वापर आणि वर दहा टक्के, एवढं लाईट बिल माफ. पण महिन्याचा आकडा दोनशे युनिटांच्या पलीकडे गेला की सगळंच बिल भरायचं. मास्तरांचं घर साठ युनिटांचं. त्यात हिचे दीडशे मिळवले की दोनशे दहा. म्हणजे हिच्या खाण्याबरोबर घरच्या फुकटच्या पंख्या-दिव्यांचेही पैसे सुरू. ‘‘गाडी फुकट चालते म्हणालासा, आता पंखा पण विकत झाला की!’’ हे मास्तरीणबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं.

खरं, वही उघडून बघितली तर ती तरीही स्वस्तच. 2025-26 चा घरगुती दर युनिटला 5 रुपये 80 पैसे. स्थिर आकार, अधिभार, कर असं सगळं धरूनही वीज कंपनी हेस्कॉमचं बिल दोन हजारांच्या आत राहतं. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला तेवढ्याच अंतराला सदुसष्ट लिटर लागतील, आणि लिटरला शंभराच्या वर मोजावे लागतात. महिन्याला साडेचार-पाच हजारांची बचत ही तिची पहिली कमाई.

तिचे लाड मात्र आहेत. साध्या प्लगवर ती समाधानी नाही. पंधरा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवं. अर्थिंग कच्चं असलं की चार्जर लाल दिवा दाखवून संप करतो. मास्तरांना अंगणात खड्डा मारून मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग करावं लागलं, जाड वायर ओढावी लागली, मंजूर भार वाढवून घ्यावा लागला. हा खर्च विकणाऱ्याच्या तोंडून कधी निघत नाही. पावसाळ्यात आमच्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत झाड तारेवर पडलं की करंट कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून आभाळ भरलं की मास्तर संध्याकाळीच तिला चार्जिंगला लावतात.

दुखणी तिला दोन प्रकारची. एक किरकोळ: मोठ्या बॅटरीखेरीज तिच्या पोटात साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते. ती बसली की मोठी भरलेली असूनही बाई जागची हलत नाही. ती काही हजारांत बदलून मिळते. दुसरं दुखणं मोठ्या बॅटरीचं. हिची बॅटरी 30.2 किलोवॅट-अवरची. नवी असताना कंपनीच्या कागदावर 312 किलोमीटर होते. रस्त्यावर ते दोनशेच्या आसपास, आणि वय वाढेल तसे त्याहून कमी. हमी आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यातलं जे आधी भरेल ते. म्हणजे मास्तरांच्या गाडीची हमी फार तर 2029 पर्यंत. त्यानंतर एखादं मॉड्यूल गेलं तर तेवढंच बदलून भागतं. पण सगळीच बदलायची पाळी आली आणि पाच लाख धरले, तर आठ-दहा वर्षांची बचत एका फटक्यात जाते. हिचा खर्च रोज दिसत नाही, तो असा एका जागी साठून बसलेला असतो.

म्हैस घेताना आपल्याकडं दात बघतात, पिळून बघतात, मगच दावं हातात घेतात. हिलाही तसंच पारखायचं. रंग आणि सीटकव्हर नंतर. आधी कंपनीच्या वर्कशॉपमधून बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट. मग शंभर टक्के भरून बेळगावला जाऊन यायचं आणि किती टक्के खाल्ले ते कागदावर लिहायचं. काही नव्या गाड्यांना बॅटरीची आजन्म हमी म्हणून जाहिरात असते. ती पहिल्या मालकापुरती आहे का, हे वाचून घ्यायचं.

मग कागदपत्रं. दुसऱ्या राज्याची गाडी इथं बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर नवीन नोंदणी करावी लागते. कोल्हापूर आरटीओची एनओसी, बेळगावची केए 22, जुन्या कर्जाचा बोजा उतरवल्याचा दाखला आणि त्या दिवशीचा कराचा नियम, हे सगळं सौद्याच्या आधी विचारायचं. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करायचा. इलेक्ट्रिक गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात पंधरा टक्के सवलत आहे. पण स्वतःच्या नुकसानीचा हप्ता गाडीच्या किमतीवर ठरतो, आणि बॅटरीमुळं ती किंमत चढी असते. डीलरकडून घेतली तर त्याच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी असतो, तो शेवटी आपल्याच भावात येतो. खासगी मालकाकडून घेतली तर नाही.

बेळगाव बाजार करून ती आरामात परत येते. गोव्याहून अनमोड घाट चढताना मात्र तिचे टक्के भराभरा उतरतात, म्हणून मास्तर फोंड्यातच पोट भरून घेतात.

ज्याच्या अंगणात स्वतःचा पॉइंट आहे, रोजचं धावणं शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि बॅटरीच्या हमीची निदान तीन वर्षं शिल्लक आहेत, त्यानं ती खुशाल घ्यावी. पहिल्या मालकानं सोसलेली घसरण हाच त्याचा नफा. यातलं एकही नसेल, तर निम्म्या किमतीलाही ती महागच पडेल.