छोट्यांचा क्रीडादिन

तुम्ही शाळेच्या क्रीडादिनात भाग घेतलाच असेल. पळाला असाल, पडला असाल, कदाचित बक्षीसही मिळवले असेल. पण क्रीडादिन भरवणे ही वेगळीच गोष्ट आहे, आणि ती तुमच्या वयाच्या मुलामुलींना फार चांगली जमते. हे मी अनुभवाने सांगतो. मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. आमच्या शेजारच्या प्राथमिक शाळेला मैदान नाही. म्हणून त्या शाळेचा क्रीडादिन दरवर्षी आमच्या मैदानावर होतो आणि आमची नववीची मुले-मुली तो पार पाडतात.

सर्वांत आधी दिवस ठरवावा लागतो. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. मुलांचे वडील मागावर कामाला असतात. इतर दिवशी बोलावले तर कोण येणार? शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून आम्ही शुक्रवारची सकाळ धरतो. 8 वाजता सुरुवात करायची आणि 11 च्या आत आटोपायचे, म्हणजे जुम्याच्या नमाजाची तयारी करायला सर्वांना वेळ मिळतो. महिना जानेवारीचा बरा. हवा थंड असते. शिवाय 15 जानेवारी हा कुस्तीगीर खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. खाशाबांनी 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते. मात्र रमजानकडेही लक्ष ठेवावे लागते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते, त्यामुळे रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो. 2024 साली तो मार्चमध्ये सुरू झाला होता. 2028 साली जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. त्या वर्षी आम्हाला डिसेंबरच गाठावा लागेल.

पूर्वी प्रत्येक वर्गातून चार-पाच चपळ मुले निवडली जात. तीच पळत, तीच बक्षिसे घेत, आणि बाकीची मुले उन्हात बसून टाळ्या वाजवत. टाळ्या वाजवणे वाईट नाही. पण सात वर्षांच्या मुलाला दोन तास नुसत्या टाळ्या वाजवायला लावणे मला पटत नाही. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांनाही ते पटत नव्हते. त्या म्हणाल्या, "सर, एकही मूल बसून राहता कामा नये. काही करता येईल का?" मुले होती 240. कोणी म्हणाले, हे अशक्य आहे, संध्याकाळ होईल.

मी हा प्रश्न नववीच्या वर्गात फळ्यावर मांडला. बी.एड.ला असताना पाठाचे टाचण काढायची सवय लागली होती. तसेच टाचण आम्ही क्रीडादिनाचे काढले. वर्ग चार, प्रत्येक वर्गात 60 मुले. मैदानाचे भाग चार. एका भागात 50 मीटर पळणे, दुसऱ्यात लिंबू-चमचा, तिसऱ्यात पोत्याची शर्यत, चौथ्यात बादलीत चेंडू टाकणे. चारही वर्ग एकाच वेळी चार ठिकाणी खेळतील आणि अर्ध्या तासाने जागा बदलतील. पळण्यासाठी 6 पट्टे आखले, तर 60 मुलांच्या 10 फेऱ्या होतात. एका फेरीला 3 मिनिटे मिळतात, आणि लहान मुलाला 50 मीटर पळायला पाव मिनिटही पुरते. म्हणजे उरलेला वेळ त्यांना रांगेत उभे करण्यासाठी! (तो सगळाच्या सगळा लागतो, हे तुम्हाला पहिल्याच फेरीत कळेल.) दोन तासांत प्रत्येक मूल चारही खेळ खेळते. हिशेब जुळला तेव्हा वर्गात असा आरडाओरडा झाला, की शेजारच्या वर्गातले सर पाहायला आले.

आता सामानाचे सांगतो. पट्टे आखायला फक्की आणावी. कळीचा चुना आणू नये, तो डोळ्यांत गेला तर डोळे भाजतात. पोती किराणा दुकानदार आनंदाने देतो. पण प्रत्येक पोते उलटे करून झटकावे आणि आतून नीट पाहावे, कारण कधी कधी त्यात तुटलेले दाभण राहून जाते. पहिली-दुसरीच्या मुलांना चमचा तोंडात धरू देऊ नये. पडले तर दातांना किंवा टाळूला लागते. त्यांनी तो हातात धरावा. नाकातून रक्त आले तर मुलाला मान मागे टाकू देऊ नये. पुढे वाकवून, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरून ठेवावा. खरचटले तर आधी स्वच्छ पाण्याने धुवावे, मग औषध लावावे. पिण्याचे पाणी मैदानाच्या दोन टोकांना ठेवावे, नाहीतर अर्धी शाळा एकाच माठाभोवती जमा होते.

शेवटच्या रेषेवर तीन पंच हवेत. एकाने फक्त पहिला कोण ते पाहावे, दुसऱ्याने दुसरा, तिसऱ्याने तिसरा. सगळ्यांनी सगळे पाहिले, तर भांडण ठरलेलेच. लहान मुले रेषा जवळ आली की वेग कमी करतात आणि आईकडे पाहतात. म्हणून रेषेच्या पाच मीटर पुढे एका मुलाला उभे करावे आणि सांगावे, "या दादाच्या हाताला टाळी द्यायची."

चौथीच्या मुलींचा प्रश्नही निघतो. एका वर्षी एक दादी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, मुलींना पळवायलाच हवे का?" मी म्हटले, "दादी, तुम्ही पुढच्या रांगेत बसा आणि नातीला पाहा." आमच्या नववीच्या मुलींनी चौथीच्या मुलींच्या ओढण्या पिना लावून घट्ट बसवल्या आणि शर्यत सुरू झाली. नात तिसरी आली. ती दुसरी आली होती असे सांगत पंचांशी सर्वांत मोठ्या आवाजात कोण भांडले असेल, ते तुम्हीच ओळखा. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो भारताच्या महिलांनी जिंकला आणि त्यांची कर्णधार प्रियंका इंगळे ही महाराष्ट्राचीच. तिचा फोटो आम्ही त्यानंतरच्या क्रीडादिनी मैदानाच्या फाटकावर लावला.

पण मला आठवण राहिली आहे ती एका दुसरीच्या मुलाची. पळण्याची चौथी फेरी होती. शिट्टी वाजली, पाच मुले धावली आणि एक मुलगा तसाच उभा राहिला. बाजूची मुले पुढे गेलेली दिसल्यावर तो धावला आणि शेवटी पोहोचला. लोक हसले. कोणी म्हणाले, झोपला होता वाटते. सुरुवातीच्या रेषेवर आमच्या वर्गातली एक मुलगी होती. वर्गात ती फारसे बोलत नाही. ती धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तो झोपला नव्हता. त्याला शिट्टी ऐकू येत नाही. मी मागून हाक मारली तरी त्याने वळून पाहिले नाही."

त्याच्या बाईंना विचारले, तेव्हा कळले की खरेच त्याला फार कमी ऐकू येते. वर्गात तो पहिल्या बाकावर बसतो आणि ओठांकडे पाहून समजून घेतो. आता काय करावे? फेरी संपली होती. आमच्या त्या मुलीने कोणाला न विचारता सामानाच्या पेटीतला लाल कपडा काढला, एका काठीला बांधला आणि म्हणाली, "शिट्टी आणि निशाण एकदमच करू या. शिट्टी वाजली की निशाण खाली. तो डोळ्यांनी पाहील." मग पंचांनी ठरवले की त्या सहा मुलांची फेरी पुन्हा घ्यायची. पहिल्या आलेल्या मुलाला ते आवडले नाही, आणि त्याचेही बरोबरच होते; तो एकदा जिंकला होता. त्याला मुख्याध्यापिकांनी जवळ घेऊन समजावले. थोडा वेळ तो रुसला, मग रेषेवर येऊन उभा राहिला.

निशाण खाली आले. या वेळी सहाही मुले एकदम सुटली. रुसलेला मुलगा पुन्हा पहिला आला. आपला मुलगा चौथा आला. चौथ्याला बक्षीस नव्हते, पण तो रेषेवर थांबलाच नाही. पुढच्या दादाला टाळी देऊन सरळ आपल्या अब्बांपर्यंत पळत गेला. त्यानंतरच्या सर्व फेऱ्या निशाणानेच सुरू झाल्या, आणि पुढच्या वर्षी टाचणात सामानाच्या यादीत पहिलीच ओळ होती: लाल कपडा, काठी.

अकराच्या आत मैदान रिकामे झाले. प्रत्येक मुलाच्या हातात गुळाची चिक्की होती. शर्यतीतली लिंबे स्वच्छ धुऊन नववीच्या मुलांनी सरबत केले आणि जमिनीवर बसून प्यायले. सामान मोजताना 20 पोत्यांपैकी 19 भरली. विसावे शनिवारी सकाळी परत आले. पहिलीतला एक मुलगा ते घडी करून दप्तरात घालून घेऊन आला होता. घरी धाकट्या भावाला उड्या शिकवायच्या होत्या, म्हणाला.