आडवं पिंप

आमच्या न्हाणीघरात टब आहे असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या कॉलरकडे बघतो, आणि मग 'बँकेत नक्की कुठल्या हुद्द्यावर?' असं विचारतो. म्हणून आधीच खुलासा करतो. डोंबिवलीतली ही जागा आम्ही जुन्या मालकाकडून घेतली, टब त्याचा. तो बहुधा त्यात डुंबत असावा. आम्ही त्यात पाणी भरतो. आमच्या इमारतीला सकाळी सहा ते आठ पाणी सुटतं, पुढे दिवसभर टबावर गुजराण. आईने तर पहिल्याच दिवशी त्याचं 'आडवं पिंप' असं बारसं करून टाकलं.

या पिंपाचा नळ गळायला लागला म्हणून प्लंबर आणला. त्याने भिंत फोडली, नळ बदलला, भिंत बुजवली, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ सोडला, तर टबात गेरू! आई म्हणाली, ''अरे, एवढ्यात होळी?'' सौ. काहीच बोलली नाही. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला यातला फरक कळतो.

फोन केला तर प्लंबर म्हणाला, ''साहेब, तुमची लाइनच सडलीय. सगळी काढून नवी टाकायला लागंल. साठेक हजार धरा.''

आता 60,000 रुपये माझ्याकडे नव्हते असं नाही. होते. पण ते कन्येच्या हॉस्टेलसाठी मुदत ठेवीत ठेवले होते आणि जूनमध्ये भरायचे होते. कन्या शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती, आणि फोन चालू असताना तिथलं पान उलटायचं थांबलं होतं.

शेजारपाजारचे सल्ले आले. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, टबाला डाग पडलेत ना, ब्लीचिंग पावडर ओता. ते ऐकलं नाही हे बरं झालं, कारण गंजाच्या डागावर क्लोरीन घातलं की तो आणखी पक्का बसतो. सौ.ने लिंबू आणि मीठ चोळलं, आणि टब पुन्हा जुन्या मालकाच्या लायकीचा झाला. पण पाणी लालच.

तेव्हा मी ठरवलं, हे प्रकरण खात्याला लावायचं. मी कॉमर्सचा माणूस. पान्हा कुठल्या हाताने धरतात ते मला माहीत नाही, पण दिवसअखेर एक रुपयाचा फरक आला तर तो कुठल्या काउंटरवर शिरला हे शोधण्यात माझी हयात गेली आहे. फरक शोधताना कोणी अख्खी बँक पाडून नवी बांधत नाही.

आधी खालच्या आणि वरच्या बिऱ्हाडात जाऊन पाणी पाहिलं. स्वच्छ. म्हणजे टाकी आणि इमारतीचा उभा पाइप निर्दोष सुटले. मग गिझर. पण लाल पाणी थंड नळाला येत होतं, तेव्हा त्यालाही क्लीन चिट. बेसिनचं पाणी स्वच्छ दिसत होतं, पण धार करंगळीएवढी. तोंडाची जाळी काढली, तर आत गंजाचे कण. गंज तिथेही होता, फक्त जाळीने अडवून धरला होता. टबाच्या नळाला जाळी नाही, शिवाय खाली पांढराशुभ्र टब. मग दिसणार नाही तर काय!

हे कण अर्थातच प्लंबरने सोडवलेले. जुन्या लोखंडी पाइपात वर्षानुवर्षं गंजाचं पापुद्रं साठतं. पान्ह्याचे दणके बसले, बंद केलेलं पाणी एकदम सुटलं, की ते निघून येतं. पण ते हळूहळू संपायला हवं. म्हणून मी पंचांगामागे रोज नोंद ठेवली: सोमवारी पाच बादल्या लाल, बुधवारी दोन, शुक्रवारी अर्धी. रविवारपासून मात्र आकडा एका जागी थबकला. रोज सकाळी पहिला पेलाभर लाल, की पुढे काचेसारखं. आठवडाभर तेच.

आता गंमत बघा. अर्ध्या इंची पाइपात मीटरभर लांबीला साधारण 200 मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे एक पेला. रात्रभर जिथे पाणी गंजतं ती जागा लांब असती, तर आधी चांगलं पाणी आलं असतं आणि मग लाल. इथे लाल पहिलं, आणि तेही पेलाभर. म्हणजे चोर नळापासून फार तर मीटरभर अंतरात. नेमकं जिथे भिंत फोडली होती तिथे!

प्लंबरला बोलावून पंचांग दाखवलं. त्याने आधी पंचांगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गुपचूप छिन्नी काढली. भिंतीतून निघाला हातभर लांबीचा साध्या लोखंडाचा तुकडा. जस्ताचा थर नाही, आटे लालभडक, आणि पुढे थेट पितळी नळ जोडलेला. पितळेशी अशी गाठ पडली की लोखंड आणखी भराभर गंजतं.

''पिशवीत पडला होता, घातला,'' तो म्हणाला.

त्याने नवा तुकडा बसवला. त्याचे पैसे मागितले नाहीत आणि मीही तो विषय काढला नाही. आई पेला घेऊन स्वतः उभी राहिली. पहिलाच पेला स्वच्छ. आतल्या खोलीत पान उलटल्याचा आवाज आला.

जाताना तो टबाच्या काठावर टेकला. म्हणाला, ''साहेब, तुम्ही आधी या लाइनीत होता का?''

''नाही. बँकेत आहे.''

''अरे वा!'' तो सावरून बसला आणि त्याच पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. ''मग पोराच्या कर्जाचं जरा बघता का?''