सॉफ्टवेअरवाल्यांची सावड

संगणकाने काय करावयाचे त्याच्या आज्ञा लिहिणे, म्हणजेच सॉफ्टवेअर तयार करणे, हे एकांतातले काम आहे असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. मुलगा दार लावून बसला आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत दिवा जळत राहिला, की तो काहीतरी मोठे करीत असावा असे आईबापांस वाटते. माझा अनुभव निराळा आहे. माझ्या अक्काच्या धाकट्या मुलाला मी दोन वर्षे असा एकटा बसलेला पाहिला, आणि गेले वर्षभर तो अशाच कामकऱ्यांच्या एका मेळ्यात सामील झालेलाही पाहत आहे. पदवी हाती असून काम नाही अशी मुले आता आपल्या खेडोपाडी आहेत; म्हणून त्याच्यात पडलेल्या फरकाविषयी चार शब्द लिहितो.

प्रथम हा मेळा कसला ते सांगितले पाहिजे. 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी जाहीर केले की, जी आज्ञावली आपण वापरतो ती वाचण्याची, बदलण्याची व शेजाऱ्यास देण्याची मोकळीक प्रत्येकाला असली पाहिजे. पुढे 1991 च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून लिहीत असलेल्या एका लहानशा आज्ञावलीची वार्ता इतरांस कळविली व सूचना मागितल्या. नंतर ती त्याने सर्वांस खुली केली. देशोदेशींच्या अनोळखी लोकांनी तिच्यात भर घातली, आणि तीच पुढे लिनक्स म्हणून प्रसिद्धीस आली. 2017 च्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत वेगवान अशा 500 महासंगणकांच्या यादीतील एकूणएक यंत्र लिनक्सवर चालते, आणि आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तेच आहे.

आपण भातलावणीला सावड करतो, देशावर नांगरटीसाठी इर्जिक घालतात. त्यातलाच हा प्रकार. भेद एवढाच की येथे शेत कोणा एकाचे नसते, आणि पीक सर्वांनी नेले तरी कमी होत नाही.

आमचा भाचा सामील झाला तो लिबरऑफिस नावाच्या मंडळीत. पत्रे लिहिणे, हिशेब मांडणे अशा कामांचे हे सॉफ्टवेअर 2010 पासून विनामूल्य मिळते, आणि मराठीतही वापरता येते. नवख्यांसाठी त्यांनी सोप्या कामांची एक यादीच ठेवलेली असते. तीतले एक काम त्याने निवडले. तत्पूर्वी आपले लिखाण सर्वांच्या उपयोगास देत असल्याची लेखी संमती द्यावी लागते, तीही त्याने दिली. मग सारी आज्ञावली आपल्या जुन्या संगणकावर उतरवून ती चालती करण्यातच त्याची एक रात्र आणि अर्धा दिवस गेला.

त्याने केलेली दुरुस्ती जेमतेम 12 ओळींची होती. ती परत आली. तपासणाऱ्याने लिहिले होते की यात दोन वेगळे बदल एकत्र झाले आहेत, ते निराळे करावेत. दुसऱ्या खेपेस, बदल का केला याचे कारण लिहावे, अशी सूचना आली. तिसऱ्या खेपेस, हीच चूक पुन्हा शिरू नये म्हणून एक चाचणी जोडण्यास सांगितले. चौथ्या वेळी त्या 12 ओळी स्वीकारल्या गेल्या. महाविद्यालयात तीन वर्षांत त्याचे लिखाण असे ओळीन् ओळ कोणीही वाचले नव्हते. तेथे उत्तर बरोबर आले की गुण मिळत. मला विचाराल तर या मेळ्याचा सर्वांत मोठा लाभ हाच. आपले काम जाणकाराने मन लावून वाचावे, हे भाग्य पैसे मोजूनही सहसा मिळत नाही. शिवाय इतरांच्या दुरुस्त्या, त्यांवरील वाद, नाकारलेल्या सूचना हे सारे तेथे उघडे असते. भाचा म्हणतो, "मामा, मी लिहितो थोडे आणि वाचतो फार."

दाजींना हे पटलेले नाही. शिक्षणासाठी सोसायटीचे कर्ज काढले ते त्यांनी. "परक्यांची फुकट हमाली करायला का?" असे ते विचारतात, आणि हप्ता भरणाऱ्या माणसाचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी त्यांना एवढेच सांगितले की हे काम नावानिशी नोंदले जाते, आणि कोणताही मालक ते उघडून पाहू शकतो. प्रमाणपत्रापेक्षा हा दाखला बोलका आहे. अशा कामासाठी नवख्यांना विद्यावेतन देणारा एक उपक्रम गूगल कंपनीने 2005 मध्ये सुरू केला, हेही सांगितले. तथापि, सावडीला गेलेल्या प्रत्येकाला नोकरी लागते असे मी म्हणालो नाही, कारण ते खरे नाही.

या मेळ्यांत सारेच गोड असते असेही नाही. तेथे जिभेला हाड नसलेले लोक भेटतात. खुद्द टोरवाल्ड्स यांनी 2018 च्या सप्टेंबरमध्ये आपल्या कठोर बोलण्याबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ काम थांबविले होते. त्याहून गंभीर गोष्ट 2024 सालची. फाइली आवळून लहान करणारी एक्सझेड नावाची आज्ञावली असंख्य संगणकांत वापरली जाते; ती वर्षानुवर्षे बहुतांशी एकच गृहस्थ विनावेतन सांभाळीत होता. आपण थकलो आहोत, असे त्याने उघडपणे लिहिलेही होते. भराभर काम करा म्हणून त्याच्यामागे तगादे लागले, आणि मदतीचा हात पुढे करून एक अनोळखी इसम हळूहळू त्याच्या विश्वासास पात्र झाला. दोनअडीच वर्षांनी त्याच इसमाने आत एक चोरवाट बसविली. ती उघडकीस आली तो दिवस 29 मार्च, त्या वर्षीचा गुड फ्रायडे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत तो चोरवाटेपर्यंत पोहोचला. आज्ञावली उघडी होती म्हणून त्याला तो काढता आला, हे खरे. पण सावडीत सर्वांनी भात नेले आणि बांध एकट्यानेच घातला, हेही तितकेच खरे आहे. भाच्याला मी ही गोष्ट सांगू लागलो, तर ती त्याला माझ्याहून अधिक ठाऊक होती.

आता तो रात्री जागत नाही. त्याचे काम तपासणारे गृहस्थ युरोपात राहतात, त्यांची उत्तरे आपल्या दुपारनंतर येतात. म्हणून सकाळी तो दाजींबरोबर शेतावर जातो. अक्काला याचेच अधिक समाधान आहे. पुण्यातील एका कंपनीने त्याच्या नोंदी पाहून मुलाखतीस बोलाविले आहे. दाजींनी मे अखेरपर्यंतची मुदत दिली आहे. त्यानंतर मिळेल ती नोकरी धरावी, असे ठरले आहे. परवा त्याच्याकडे एका नवख्या मुलीची दुरुस्ती तपासण्यास आली होती. तिच्यात दोन बदल एकत्र झाले होते, आणि ते निराळे कसे करावेत हे तो तिला सविस्तर लिहीत बसला होता. दाजी बाहेर बैल जुंपून हाका मारीत होते.