एनिग्मा उकलणारा विस्मृत गणिती

एनिग्मा म्हटले की ॲलन ट्युरिंगचे नाव ओठांवर येते. ते रास्तच आहे; पण ट्युरिंगचे नाव युद्धाशी जोडले जाण्याच्या सात वर्षे आधी, डिसेंबर १९३२ मध्ये, वॉर्सातील एका कचेरीत सत्तावीस वर्षांच्या पोलिश गणितज्ञाने जर्मन लष्कराच्या या यंत्राची अंतर्गत जोडणी कागदावर मांडली होती. त्याने ते यंत्र डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. त्याचे नाव मारिअन रेयेव्स्की.

गुप्तलेख उकलणे हे तोवर भाषापंडितांचे काम समजले जाई. पोलंडच्या सायफर ब्यूरोने मात्र १९२९ मध्ये पोझनान विद्यापीठातील जर्मन जाणणारे गणिताचे विद्यार्थी निवडून त्यांच्यासाठी गुप्त वर्ग चालवला. त्यातून तिघे पुढे आले : रेयेव्स्की, येजी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की.

जर्मनांची चूक शिस्तीतून जन्मली होती. प्रत्येक संदेशाच्या आरंभी यंत्रचालक तीन अक्षरे निवडी आणि गफलत टाळावी म्हणून तीच पुन्हा टंकित करी. म्हणजे सांकेतिक रूपातील पहिले व चौथे अक्षर एकाच मूळ अक्षरातून आलेले असे. तसेच दुसरे-पाचवे, तिसरे-सहावे. एका दिवसाचे पुरेसे संदेश हाती आले की या जोड्यांच्या साखळ्या तयार होत. यंत्राच्या दर्शनी भागातील तारा बदलल्या की साखळ्यांतील अक्षरे बदलत, त्यांची लांबी मात्र बदलत नसे. रेयेव्स्कीने परम्युटेशनचे गणित नेमके येथे लावले. एका जर्मन फितुराकडून फ्रेंचांनी मिळवलेली कागदपत्रेही कामी आली. तरी समीकरणे सुटेनात. कळफलकाच्या तारा आतील चक्राला कोणत्या क्रमाने जोडल्या असतील? शेवटी त्याने सर्वांत साधा तर्क करून पाहिला : निव्वळ वर्णानुक्रम. समीकरणे सुटली.

जुलै १९३९ मध्ये वॉर्सालगतच्या पिरी येथे पोलिशांनी हे सारे ब्रिटिश व फ्रेंच तज्ज्ञांपुढे उघड केले. डिली नॉक्स या ब्रिटिश तज्ज्ञाने त्याच जोडणीविषयी विचारले. वर्णानुक्रमाचे उत्तर ऐकून तो चिडला. पाच आठवड्यांनी पोलंडवर आक्रमण झाले.

पुढची कथा मन विषण्ण करते. तिघेही फ्रान्समध्ये गेले. जानेवारी १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात जहाज बुडून रुझित्स्की गेला. रेयेव्स्की आणि झिगाल्स्की पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये उतरले, तेथे तुरुंगात पडले आणि १९४३ मध्ये ब्रिटनला पोहोचले. रेयेव्स्की पोलिश सैन्यात साधा शिपाई म्हणून दाखल झाला. त्याला जर्मन एसएसचे हाताने लिहिलेले गुप्तलेख सोपवण्यात आले. ज्या कुलपाची पहिली किल्ली त्याने घडवली, त्या एनिग्माजवळ त्याला कुणी येऊ दिले नाही. गोपनीयतेची सबब समजते. कृतघ्नता मात्र लपत नाही.

१९४६ मध्ये तो पत्नी व दोन मुलांकडे बिड्गोश्च या जन्मगावी परतला. पुढच्याच वर्षी अकरा वर्षांचा मुलगा पोलिओने दगावला. केबल कारखान्याच्या विक्री विभागात नोकरी, मग गुप्त पोलिसांची पाळत, मग इतर कचेऱ्यांतील किरकोळ पदे. एनिग्माविषयी चकार शब्द नाही.

१९६७ मध्ये तो निवृत्त झाला. त्याच वर्षी सायफर ब्यूरोतील कामाच्या आठवणी लिहून त्याने वॉर्सातील लष्करी इतिहास संस्थेच्या स्वाधीन केल्या. जगाला त्याचे नाव कळू लागायला आणखी सहा-सात वर्षे लागली.