देठ आधी, पान मग

पान फाटलेलं दिसलं की त्याला मॉन्स्टेरा म्हणून लोक मोकळे होतात. लातूरला माझ्या नर्सरीत येणारे बरेचजण मोबाइलमधला फोटो पुढे करतात, "ताई, हेच पाहिजे." फोटोत कधी मॉन्स्टेरा असतो, कधी सेलम, तर कधी कुणाच्या तरी आंब्यावर चढलेला साधा मनीप्लांट. तिन्हींची पानं ताटाएवढी, तिन्हींची चिरलेली. पण एक झाड वेल आहे, दुसरं स्वतःच्या खोडावर उभं राहतं आणि तिसऱ्याला मोठं व्हायला अख्खं झाड लागतं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवायला सेलम नेलं तर दोन-तीन वर्षांत ते सोफ्यावर हातपाय पसरतं. मॉन्स्टेराला आधार दिला नाही तर तो जमिनीवर लोळतो. म्हणून मी पैसे घेण्याआधी झाड ओळखायला लावते, आणि त्यासाठी पानाकडे नाही, देठाकडे बघायला सांगते.

मॉन्स्टेराचा देठ पानाला जिथे मिळतो तिथे बोट फिरवा. मोठ्या झाडात त्या जागी गुडघ्यासारखा एक सांधा असतो आणि त्याच्या कडेला सुरकुत्यांची झालर असते. या सांध्यावर पान उजेडाकडे मान वळवतं. पानात कडेपासून आत गेलेल्या चिरा तर असतातच, पण झाड वयात आलं की मधल्या शिरेला लागून छोट्या भोकांची आणखी एक रांग दिसते. सेलमच्या पानात अशी भोकं कधीच नसतात. त्याची पाती नुसती कातरलेली, कडांना लाटा असलेली. खोडावर गळून गेलेल्या पानांच्या खुणा डोळ्यांसारख्या उमटतात, आणि सगळी पानं शेंड्याशी एकाच ठिकाणाहून फुटून चहूकडे झुकतात. वेलीला पेरं लांब लांब असतात, सेलमला ती शोधावी लागतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१८मध्ये त्याला फिलोडेंड्रॉनमधून काढून थॉमॅटोफायलम या गटात नेलं. नर्सरीवाले मात्र सेलमच म्हणतात, मीही म्हणते.

‘मिनी मॉन्स्टेरा’ म्हणून जे विकतात ते मॉन्स्टेराचं पिल्लू नव्हे. ते रॅफिडोफोरा, थायलंड-मलेशियाकडचं. पान पातळ, तळहाताएवढं, चिरा थेट मधल्या शिरेपर्यंत. त्याचं पान मॉन्स्टेराएवढं होणार नाही. मोठं होईल म्हणून थांबू नका.

एकदा औशाकडचे एक म्हातारे शेतकरी नातवाबरोबर आले होते. नातवाला मॉन्स्टेरा हवा होता. म्हाताऱ्यांनी देठ हातात धरला, खालचा खोबणीचा भाग पाहिला आणि म्हणाले, "माय, हे तर आळूच की." मला इतका आनंद झाला! पुस्तक न उघडता त्यांनी कुळ बरोबर सांगितलं. अळू, सुरण, मनीप्लांट, मॉन्स्टेरा, सेलम ही सगळी एकाच कुळातली भावंडं. मोरीच्या सांडपाण्यावर वाढणारं अळू कच्चं खाल्लं की घसा खवखवतो. त्याला कारण कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुया, आणि त्या या सगळ्या झाडांत आहेत. घरात रांगतं मूल असेल तर कुंडी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. छाटणी केल्यावर हात धुवा, डोळे चोळू नका.

मनीप्लांटचं प्रकरण तर फार गोड आहे. बाटलीत, ग्रिलवर, फ्रिजवर लोंबणाऱ्या त्या वेलीचं पान बोटाएवढं असतं. नांदेडला जुन्या घरांच्या परसात, आडाजवळ किंवा सांडपाण्याच्या नालीकाठी हीच वेल नारळावर नाहीतर आंब्यावर चढली की पान हात-हात लांब होतं आणि कडेने चिरत जातं. घरच्यांनाही खरं वाटत नाही की ही तीच वेल. तिचं मूळ घर पॅसिफिकमधलं मोरेआ बेट. तिला फूल जवळजवळ येतच नाही, कारण फुलोऱ्याला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं जनुक तिच्यात नीट काम करत नाही. जगभरची सगळी मनीप्लांट फांदीपासून फांदी अशीच पसरली. लोंबत ठेवली तर ती पान लहान करत जाते, वर चढवली तर मोठं करत जाते. मॉन्स्टेराचंही तसंच. खत घालून पान फाटत नाही. वय, उजेड आणि चढायला आधार, हे तिन्ही मिळाल्यावर फाटतं.

इथे लोकांचा एक ठाम गैरसमज असतो. सबंध पान उघडलं की ते पुढे कधीतरी फाटेल म्हणून वाट बघतात. ते पान आयुष्यभर सबंधच राहतं. भोकं पडतात ती पान गुंडाळलेल्या कळीत असताना, ठरलेल्या जागच्या पेशी आपणहून मरतात म्हणून. उलगडल्यावर पान फक्त पसरतं. म्हणून रोप घेताना जुनी पानं मोजू नका, सगळ्यात नवं पान बघा. प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा एक तरी चीर जास्त घेऊन येत असेल तर ते झाड डोळे मिटून घ्या.

भोकं कशासाठी, याचं एक उत्तर मला फार पटतं. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दाट जंगलातला. तिथे तळाशी ऊन येतं ते कवडशांनी, आज इथे, उद्या तिथे. ख्रिस्तोफर म्यूर या संशोधकाने २०१३मध्ये मांडलं की तेवढ्याच हिरव्या भागात भोकं ठेवून पान जास्त जागेवर पसरलं, तर एखादा तरी कवडसा सापडण्याची शक्यता वाढते आणि वाढ सलग होते. याच मॉन्स्टेराच्या एका जातभाईवर १९७५मध्ये कोस्टा रिकात अभ्यास झाला होता. त्याची कोवळी रोपं उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरकतात, कारण जंगलात सगळ्यात गडद सावली म्हणजे मोठ्या झाडाचा बुंधा. बुंध्याला टेकल्यावर मग ती उजेडाकडे वळतात. हे वाचल्यापासून मी लहान रोपाला काठी लावायची घाई अधिकच करते.

आता आमची हवा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे, दुपारी झळा, ओलाव्याचं नाव नाही. आमच्याकडचा बराच माल येतो तो आंध्रातल्या कडियमहून. राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या खोऱ्यातलं ते रोपांचं गाव. नांदेडवरून जी गोदावरी जाते, तिच्याच खालच्या अंगाला. पण तिकडची दमट हवा आणि इकडची कोरडी हवा यांत जमीन-अस्मानाचा फरक. ट्रकमधून उतरलेलं टवटवीत रोप त्याच दिवशी घरी नेलं तर आठवड्यात कडा जळतात. मी महिनाभर तरी ते शेडनेटखाली ठेवते, पाणी हळूहळू कमी करते, मगच विकायला काढते. उन्हाळ्यात तर मोठी रोपं विकायचीच नाहीत असं माझं मत आहे, गिऱ्हाईक कितीही मागे लागो.

काळी माती सोयाबीनला, तुरीला चांगली, या झाडांना नाही. ओली झाली की मुळांचा श्वास कोंडते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. माझं मिश्रण असं: नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, विटांचे बारीक खडे, लाकडी कोळसा, गांडूळखत आणि त्यात मूठ-दोन मूठ माती. हाताने दाबून सोडलं की मोकळं झालं पाहिजे.

पाण्याचं बोलायचं तर लातूरकर म्हणून मला ते सांभाळूनच बोलावं लागतं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या दिवसांत लोक विचारायचे, प्यायला पाणी नाही आणि ही जंगलातली झाडं कशाला? प्रश्न रास्त होता. पण सावलीतला मॉन्स्टेरा समजतात तेवढा पाणीखाऊ नाही. दोन बोटं खोल कोरडं लागल्यावर तांब्याभर पुरतं, आणि ते डाळ-तांदूळ धुतलेलं असलं तरी चालतं. आमच्याकडे पाण्याने मेलेली झाडं उन्हाने मेलेल्यांपेक्षा जास्त दिसतात. बोअरचं जड पाणी कुंडीवर पांढरा थर धरतं आणि पानांच्या कडा तपकिरी करतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र क्षारांवाचूनचं असतं, ते बादलीत धरा. फिल्टरचं वाया जाणारं पाणी देऊ नका, त्यात क्षार जास्त. कूलरच्या टाकीतलंही नको, ते तर दिवसेंदिवस आटून अधिकच जड झालेलं असतं. आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चुकूनही घालू नका, हाताला चटका बसतो ते मुळांना काय सोसणार?

कूलर स्वतः मात्र उपयोगाचा. कुंडी त्याच्या वाऱ्याच्या समोर नाही, बाजूला ठेवा. तिथली हवा दमट राहते. पंधरवड्याने पानं खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या उकाड्यात लाल कोळी तिथेच जाळी धरतो.

आधारासाठी महागडं मॉस आमच्या उन्हात एका दुपारी वाळून कुरकुरीत होतं. मी आडत बाजारातून जुना बारदाना आणते. प्लॅस्टिकच्या पाइपला भोकं पाडायची, आत शेंड्यांचे तुकडे भरायचे, बाहेरून बारदाना दोन पदरी गुंडाळून सुतळीने आवळायचा. संध्याकाळी पाइपच्या तोंडातून थोडं पाणी. वेल बांधताना खोड बांधायचं, देठ नाही, आणि मुळं फुटणारी बाजू पाइपकडे. काही आठवड्यांनी हवेतलं तपकिरी मूळ तरटाला टेकतं, टोक पांढरं होतं, बारीक लव फुटते आणि ते चपटं होऊन विणीत शिरतं. ओढून बघितलं तर सुटत नाही. त्यानंतर येणारं पान नेहमी मोठं असतं. मूळ तरटात रुतलेलं पाहणं हा या कामातला माझा सगळ्यात आवडता क्षण.

सेलमला हे काही लागत नाही. ज्यांच्याकडे अंगण आहे, पूर्वेचं ऊन आहे, त्यांनी तेच लावावं. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत रुजलेलं सेलम आमचा उन्हाळा मॉन्स्टेरापेक्षा धीटपणे काढतं. जुन्या झाडाला पांढरट फुलोरा येतो आणि त्याचा दांडा खरोखर तापतो. १९७२च्या एका संशोधनात हवा ४ अंशांवर असतानाही तो ३८ अंशांच्या आसपास राहिलेला नोंदला आहे. गंध पसरवून भुंग्यांना बोलावण्यासाठी हा सगळा खटाटोप. इतक्या ताकदीचं झाड आपण ऑफिसच्या अंधाऱ्या कोपऱ्यात शोभेला ठेवतो, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक मनातलं. आपल्या सह्याद्रीतही भोकाच्या पानांची एक वेल आहे, गणेशकांदा. रॅफिडोफोराच ती, खडकांवर-झाडांवर चढणारी, पावसाळ्यात काय देखणी दिसते! परदेशी वेलींसाठी पैसे मोजणाऱ्या आपण तिचं नाव तरी माहीत करून घ्यावं. जंगलातून ओरबाडून आणू नये. पण नर्सऱ्यांनी रीतसर फांद्यांपासून ती वाढवली तर मी पहिली गिऱ्हाईक असेन.

फांदी लावायची ती मृग लागल्यावर, हवा ओली झाली की. नुसतं पान देठासकट कापून पाण्यात ठेवलं तर महिनोन्‌महिने हिरवं राहील, मुळंही धरेल कदाचित, पण त्याला कोंब येणार नाही. कोंब पेऱ्यावरच्या डोळ्यातूनच येतो. म्हणून एक पान, एक पेर आणि हवेतलं एक तरी मूळ असा तुकडा घ्यावा, धारदार चाकूने कापावा, कापलेली बाजू दिवसभर सावलीत सुकू द्यावी, मग शेंड्यांच्या ओल्या तुकड्यांत आडवा टेकवून ठेवावा. पेर गाडून टाकू नये. आणि पहिलं पान सबंध आलं म्हणून कुणी फोन करू नये.